वेगवीर यार्नो सारीनेन

स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या नामवंत व्यक्तीचे चरित्र द्यावे, हा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. संतांची चरित्रे झाली, समाजसुधारकांची झाली, ज्ञातीतील दानशूर गृहस्थांचीही झाली. यंदा आम्ही ज्याचे चरित्र लिहावयास घेतले आहे तो ज्ञातीतला नाही, महाराष्ट्रातला नाही, भारतातलाही नाही. मोटरसायकलच्या शर्यतींत भाग घेणारा तो एक फिनिश तरुण होता आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, १९७३ साली, शर्यतीच्या रस्त्यावरच त्याचा अंत झाला. असला विषय स्मरणिकेत कशासाठी, असे काही वडीलधाऱ्यांस वाटेल. त्यांच्याकरिता एवढेच सांगतो की, लासलगाव व पंचक्रोशीतील आपल्या सभासद-कुटुंबांपैकी ज्याच्या ओट्यापाशी मोटरसायकल उभी नाही असे घर आता विरळाच. कांद्याचे पैसे हाती आले किंवा मुलगा बारावी उत्तीर्ण झाला की पहिला हट्ट गाडीचा असतो. मुलांना वेगाची ओढ आहे आणि वडिलांच्या लेखी वेग म्हणजे निव्वळ उनाडपणा. वेगालाच ज्याने आपला अभ्यासविषय केला, अशा एका सुशिक्षित तरुणाची हकीकत या दोन्ही पक्षांनी वाचावी, ही आमची इच्छा आहे.

त्याचे नाव यार्नो सारीनेन. इंग्रजी लिपीत ते 'ज' या अक्षराने आरंभ होते, म्हणून आपल्याकडील पुष्कळजण जार्नो म्हणतात. परंतु फिनिश भाषेत त्या अक्षराचा उच्चार 'य' असा आहे. माणसाचे नाव त्याच्या मातृभाषेत जसे असेल तसे घ्यावे, हा आमचा शाळेतला नियम आम्ही येथेही पाळीत आहो.

यार्नोचा जन्म ११ डिसेंबर १९४५ रोजी तुर्कू या शहरी झाला. फिनलंड हा युरोपच्या अगदी उत्तरेकडील देश. तुर्कू हे त्याच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आउरा नदीच्या मुखाशी वसलेले जुने शहर असून हेलसिंकीपूर्वी राजधानीचा मान त्याच्याकडे होता. क्रीडाप्रेमी वाचकांस हे गाव आणखी एका कारणाने ठाऊक असावयास हवे. ऑलिंपिकमध्ये नऊ सुवर्णपदके मिळविणारा जगप्रसिद्ध धावपटू पावो नूर्मी हा याच गावचा. यार्नो जन्मला तेव्हा महायुद्ध संपून जेमतेम काही महिने झाले होते आणि फिनलंड युद्धाचे घाव भरून काढण्यात गुंतला होता. अशा काळात वाढलेल्या मुलांना वस्तू टाकून देण्यापेक्षा दुरुस्त करून वापरण्याची सवय लागते. यार्नोलाही यंत्र उघडून पाहण्याचा, त्यातील बिघाड स्वतः शोधण्याचा नाद लहानपणापासूनच होता.

त्या देशात हिवाळा दीर्घ असतो. सरोवरे गोठून इतकी घट्ट होतात की त्यांवरून वाहने जातात. तेथील लोकांनी या बर्फाचेच मैदान केले व त्यावर मोटरसायकलच्या शर्यती सुरू केल्या. अशा शर्यतीत चाकांच्या टायरांना लोखंडी खिळे बसवितात, तरीही गाडी प्रत्येक वळणावर घसरतेच. घसरू न देणे हे तेथील कौशल्य नव्हेच. घसरणारी गाडी हवी तेवढीच घसरू देणे, हे कौशल्य होय. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावरून ज्याने गाडी काढली आहे, त्याला यातील मर्म थोडेसे उमजेल. चाकाची पकड कोणत्या क्षणी सुटते आणि कोणत्या क्षणी परत येते, हे यार्नो त्या बर्फावर शिकला. १९६५ साली, विशीही उलटली नव्हती तेव्हा, तो बर्फावरील शर्यतींत फिनलंडचा विजेता ठरला. पुढे डांबरी रस्त्यावर ज्या सफाईने त्याने भल्याभल्यांस मागे टाकले, तिचे मूळ या बर्फात होते असे आमचे मत आहे.

शर्यतींच्या जोडीला त्याचे शिक्षणही चालू होते. त्याने यंत्र-अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम घेतला होता. याच सुमारास तेउवो लान्सिवुओरी या दुसऱ्या फिनिश स्पर्धकाशी त्याचा स्नेह जुळला आणि तो अखेरपर्यंत टिकला. १९६८ साली फिनलंडमधील इमात्रा येथे यार्नो प्रथमच जागतिक दर्जाच्या शर्यतीत उतरला. तेथे त्याच्या हाती काही लागले नाही. परंतु जगातले उत्तम स्पर्धक कसे चालवितात, हे त्याने जवळून पाहिले.

ज्या वाचकांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी येथे थोडा खुलासा केला पाहिजे. मोटरसायकलची जागतिक अजिंक्यपद-स्पर्धा १९४९ साली सुरू झाली. त्या काळी इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे तिचे ५०, १२५, २५०, ३५० आणि ५०० सी. सी. असे वर्ग होते. वर्षभरात निरनिराळ्या देशांत शर्यती होत. पहिल्या क्रमांकास १५ गुण, दुसऱ्यास १२, तिसऱ्यास १०, याप्रमाणे दहाव्यापर्यंत गुण मिळत आणि वर्षाअखेर ज्याचे गुण अधिक तो त्या वर्गातील जगज्जेता ठरे. धनाढ्य कारखान्यांचे पगारी स्वार असत, तसेच स्वतःच्या पदरच्या गाडीवर नशीब अजमावणारेही असत. हे दुसऱ्या प्रकारचे लोक एखाद्या जुन्या मोटारीत गाड्या, हत्यारे, अंथरूण-पांघरूण व स्वयंपाकाचे सामान भरून देशोदेशी हिंडत. आपल्याकडचे तमाशाचे फड जसे गावोगावच्या जत्रा करीत जातात, तसाच हा प्रकार. यार्नोने आरंभ केला तो असाच. त्याची सहचारिणी सोइली या भ्रमंतीत त्याच्यासोबत असे. पुढे दोघांचा विवाह झाला.

त्याची गाडी होती यामाहा. या जपानी नावाची कथा मनोरंजक आहे. तोराकुसू यामाहा नावाच्या कारागिराने १८८७ साली एका शाळेतील बिघडलेली बाजाची पेटी दुरुस्त केली आणि त्यातून वाद्ये तयार करण्याचा कारखाना उभा राहिला. मोटरसायकली त्याच नावाने निघू लागल्या त्या १९५५ पासून. आजही त्यांच्या बोधचिन्हात सूर जुळविण्याचे तीन चिमटे एकमेकांत गुंफलेले दिसतात. यामाहाची त्या काळची शर्यतीची इंजिने टू-स्ट्रोक पद्धतीची होती. आपल्याकडे राजदूत गाडीमुळे ही पद्धत घरोघर परिचित होती. पेट्रोलबरोबर मापाने तेल घालावे लागे, ते याच इंजिनासाठी. १९८३ पासून काही वर्षे एस्कॉर्ट्‌स कंपनीने यामाहाच्या सहकार्याने दोन सिलिंडरांची राजदूत ३५० ही गाडी भारतात काढली होती. ती ज्यांनी चालविली किंवा निदान तिचा आवाज ऐकला, त्यांनी यार्नोच्या गाडीच्या नात्यातलीच एक गाडी पाहिली आहे असे समजावे.

टू-स्ट्रोक इंजिन हलके, साधे आणि जोमदार. मात्र त्यात एक खोड आहे. पिस्टन अतिशय तापला किंवा वंगण कमी पडले तर तो फुगून सिलिंडरला चिकटून बसतो. गॅरेजवाले यालाच इंजिन सीझ झाले असे म्हणतात. इंजिन थांबले की साखळीने जोडलेले मागचे चाकही जागच्या जागी जखडते. हळू चाललेल्या गाडीवर स्वार क्लच दाबून सावरतो. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात सावरण्यास पळाचाही अवधी मिळत नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

१९७० साली यार्नोने पूर्ण मोसमभर शर्यतीत उतरण्याचा निश्चय केला. २५० सी. सी. वर्गात कारखान्याच्या पाठबळावाचून खेळणाऱ्या या नवख्याने थेट वरच्या क्रमांकांपर्यंत मजल मारली. त्या वेळी त्याने जे केले ते आम्हांस शिक्षक या नात्याने त्याच्या साऱ्या विजयांहून मोलाचे वाटते. मोसमाच्या शेवटच्या शर्यती बाकी असताना तो फिनलंडला परतला, कारण त्याचा अभियांत्रिकीचा अभ्यासक्रम पुरा व्हावयाचा होता. गुण गेले ते गेले. पदवी मात्र हाती आली. इतके होऊनही त्या वर्षी जगात त्याचा चौथा क्रमांक लागला. खेळापायी शाळा सोडणारी मुले आम्ही बरीच पाहिली, आणि शाळेपायी खेळ सोडावयास लावणारे पालक तर त्याहून अधिक. दोन्ही गोष्टी एका मुठीत धरणारा मुलगा क्वचितच भेटतो.

पुढील वर्षापासून त्याचा उत्कर्ष झपाट्याने झाला. १९७१ च्या जुलैत चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे ३५० सी. सी. वर्गात त्याने पहिली जागतिक शर्यत जिंकली. त्याच मोसमात इटलीत मोंझा येथे ३५०ची आणि स्पेनमध्ये हारामा येथे २५०ची शर्यतही त्याने पदरात पाडली. वर्षाअखेर ३५० वर्गात तो दुसरा आणि २५० वर्गात तिसरा आला. ३५० मध्ये त्याच्या पुढे असलेला स्वार साधासुधा नव्हता. इटलीचा जाकोमो अगोस्तिनी हा त्या काळचा अनभिषिक्त सम्राट होता. एम. व्ही. अगुस्ता या इटालियन कारखान्याच्या लाल गाडीवर तो वर्षानुवर्षे ३५० व ५०० या दोन्ही वर्गांत जगज्जेता ठरत आला होता. त्याला गाठणारा कोणी उरलाच नव्हता, म्हणून मोठ्या वर्गाच्या शर्यती नीरस होऊ लागल्या होत्या.

१९७२ च्या आरंभी जर्मनीत न्युर्बुर्गरिंगच्या डोंगराळ रस्त्यावर यार्नोने ३५० वर्गात या सम्राटाला सरळ लढतीत हरविले. लगेच पुढे फ्रान्समध्येही तसेच घडले. एम. व्ही. अगुस्ताच्या गोटात खळबळ उडाली. त्यांनी फिल रीड या कसलेल्या इंग्रज स्वारास अगोस्तिनीच्या मदतीला घेतले आणि ३५०चे पद कसेबसे राखले. २५० वर्गात मात्र यार्नोने बेल्जियम, पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि स्वदेशी फिनलंड अशा चार शर्यती जिंकून जागतिक अजिंक्यपद मिळविले. येथे त्याचा खरा प्रतिस्पर्धी होता रेन्झो पासोलिनी. रिमिनी गावचा हा इटालियन डोळ्यांना चष्मा लावून शर्यत खेळे. यार्नोपेक्षा तो सात वर्षांनी वडील होता. वर्षाअखेर यार्नोचे गुण भरले ९४ आणि पासोलिनीचे ९३. एका गुणाने एक जगज्जेता झाला, दुसरा उपविजेता राहिला. या दोघांची नावे पुढे कायमची जोडली जावयाची होती, याची तेव्हा कोणास कल्पना असणार?

यार्नोच्या चालविण्याच्या पद्धतीविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे आहे. जुन्या पद्धतीचे स्वार वळणावर गाडीशी एकरूप होऊन, गुडघे टाकीला चिकटवून बसत. यार्नो वळणावर आपले शरीर गाडीच्या आतल्या बाजूस सरकवी व आतला गुडघा बाहेर काढी. शरीराचे वजन आत गेले की तोच वेग राखण्यासाठी गाडी कमी कलवावी लागते आणि टायरची पकड शिल्लक राहते. त्याने हँडलही इतरांहून निराळ्या कोनात, खाली व जवळजवळ उभे बसविले होते. इंजिनाची जुळणी तो स्वतः करी. वजन, कोन, घर्षण यांचे गणित मनाशी मांडणारा स्वार पूर्वी फारसा झाला नव्हता. अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने १९७२ साली कॅलिफोर्नियात त्याला असे चालविताना पाहिले आणि ती पद्धत उचलली. हाच रॉबर्ट्स १९७८ साली ५०० सी. सी. वर्गातील पहिला अमेरिकन जगज्जेता झाला. आज दूरचित्रवाणीवर दिसणारा प्रत्येक स्वार गुडघा रस्त्याला टेकवून वळतो. आपली मुले विंचूरच्या रस्त्यावर त्याची नक्कल करू पाहतात ती मात्र मुळाशी न जाता. त्यात शौर्याचा देखावा नसून हिशेब आहे, आणि तो बंदिस्त, स्वच्छ, एकाच दिशेने वाहतूक असलेल्या रस्त्याचा हिशेब आहे. कांद्याच्या ट्रॉल्यांची रांग लागलेल्या रस्त्याचा नव्हे.

त्याच्या हिशेबी स्वभावाचा याहून मोठा पुरावा निराळाच आहे. ब्रिटनजवळील मॅन बेटावर १९०७ पासून टी. टी. नावाची शर्यत होते. बेटावरील नेहमीच्या रस्त्यांवरून, गावांतून, दगडी कुंपणांमधून सुमारे साठ किलोमीटरांचा एक फेरा. त्या काळी ही शर्यत जागतिक स्पर्धेचाच भाग होती. जिंकणाऱ्यास मोठी कीर्ती लाभे, गुणही मिळत. यार्नो त्या शर्यतीत कधीही उतरला नाही. चूक झाली असता भिंत, खांब किंवा घराचा कोपरा हीच जेथे गाठ, तेथे गुणांसाठी जाणे त्याच्या बुद्धीस पटत नव्हते. १९७२ च्या जूनमध्ये तेथे जिल्बेर्तो पार्लोत्ती हा इटालियन स्वार मृत्यू पावला, आणि त्यानंतर अगोस्तिनीसारख्यांनीही त्या शर्यतीकडे पाठ फिरविली. यार्नोने ती आधीच फिरविली होती. तेथील गुण सोडूनही त्याने त्या वर्षीचे अजिंक्यपद एका गुणाने जिंकले, हे विसरता कामा नये. त्याला भित्रा म्हणणारे कोणी असलेच तर त्यांनी बर्फावर गाडी चालवून पाहावी.

१९७३ साली यामाहा कारखान्याने त्याला आपला अधिकृत स्वार म्हणून घेतले. हिदेओ कानाया हा जपानी स्वार त्याचा सहकारी होता. मार्च महिन्यात अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतात डेटोना येथे दोनशे मैलांची प्रसिद्ध शर्यत झाली. प्रतिस्पर्ध्यांकडे साडेसातशे सी. सी.च्या प्रचंड गाड्या होत्या. यार्नोकडे त्याची साडेतीनशेची. मोठ्या गाड्या आपल्याच ताकदीने एकामागून एक जेरीस आल्या आणि यार्नो शर्यत जिंकला. डेटोनाची ती शर्यत जिंकणारा तो पहिला युरोपीय. पुढल्या महिन्यात इटलीत इमोला येथील दोनशे मैलांची शर्यतही त्याने त्याच लहान गाडीवर जिंकली. ससा-कासवाच्या गोष्टीत कासवच ससा निघावे, असा हा प्रकार झाला.

त्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत यामाहाने प्रथमच ५०० सी. सी.ची चार सिलिंडरांची टू-स्ट्रोक गाडी उतरविली. फ्रान्समध्ये पॉल रिकार येथील पहिल्याच शर्यतीत यार्नो तिच्यावर विजयी झाला. त्याचा पाठलाग करताना अगोस्तिनी पडला. ऑस्ट्रियातही यार्नोच पहिला आला. जर्मनीत हॉकेनहाइम येथे साखळी तुटल्यामुळे त्याला थांबावे लागले. २५० वर्गात मात्र या तिन्ही ठिकाणी तोच जिंकला. तीन शर्यती, तीन विजय, ४५ गुण. एकाच वर्षी दोन वर्गांत जगज्जेता होण्याच्या मार्गावर तो होता. कामगिरी पाहता ते त्याच्या आवाक्याबाहेरचे नव्हते.

चौथी शर्यत मोंझा येथे २० मे १९७३ रोजी होती. मिलान शहराजवळच्या जुन्या राजोद्यानात १९२२ साली बांधलेला हा खास शर्यतीचा रस्ता. येथे दगडी कुंपणे नाहीत, घरे नाहीत. मॅन बेट टाळणाऱ्या स्वारास मोंझाचे भय वाटण्याचे वरवर पाहता कारण नव्हते. परंतु मोटारींच्या शर्यतीही येथेच होत आणि मोटारस्वारांच्या संरक्षणासाठी रस्त्याच्या कडेने पोलादी पट्ट्यांचे कठडे उभारले होते. मोटार अशा कठड्यावर आदळली तर पत्रा चेमटतो, धक्का पोलाद सोसते आणि आतला माणूस बचावण्याची आशा असते. मोटरसायकलस्वाराभोवती पत्रा नसतो. त्याला घसरत जाऊन थांबण्यासाठी मोकळी जमीन हवी असते. तेथे कठडा असेल तर तो त्याच्यासाठी भिंतच होय. एकाच्या रक्षणाचा उपाय दुसऱ्याच्या मुळावर यावा, आणि ज्यांच्या हाती व्यवस्था त्यांच्या ते ध्यानीही येऊ नये, असे जगात वारंवार घडते.

दुपारी आधी ३५० सी. सी.ची शर्यत झाली. तीत एका बेनेल्ली गाडीतून तेल गळले होते. रस्ता नीट साफ झाला नसल्याची शंका एका स्वाराने बोलून दाखविली, पण तिची दखल घेतली गेली नाही. मग २५०ची शर्यत सुटली. पहिल्याच फेरीत, गाड्यांचा घोळका अजून फुटला नव्हता तेव्हा, सारे कुर्व्हा ग्रांदे या लांबलचक उजव्या वळणावर आले. वेग ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक. जर्मनीचा डीटर ब्राउन पुढे, त्याच्यामागे पासोलिनी, त्याच्यामागे यार्नो. पासोलिनीची गाडी एकाएकी घसरली. मागून येणाऱ्या यार्नोला वाट काढण्यास जागाच नव्हती. कठड्यावरून उसळून गाड्या परत रस्त्यावर आल्या, पुढल्या स्वारांवर मागचे आदळले, कडेची गवताची बंडले पेटली. चौदा स्वार पडले. कानायाही जखमी झाला. पासोलिनी आणि यार्नो दोघेही गतप्राण झाले. आदल्या वर्षी एका गुणाच्या अंतराने एकमेकांमागे राहिलेले ते दोघे त्या दिवशी बरोबर गेले. पासोलिनी चौतीस वर्षांचा होता.

दोष कोणाचा, यावर पुष्कळ वाद झाला. प्रथम सर्वांचे बोट सांडलेल्या तेलाकडे गेले. पुढे अधिकृत चौकशीत पासोलिनीच्या गाडीचे इंजिन सीझ होऊन मागचे चाक जखडले, असा निष्कर्ष निघाला. टू-स्ट्रोक इंजिनाची जी खोड वर सांगितली, ती हीच. दोन्ही मतांचे लोक अद्याप आहेत. आम्ही काही त्या विषयातले तज्ज्ञ नव्हे. तरी एक गोष्ट सामान्य माणसासही कळते. गाडी तेलावरून घसरो वा इंजिनामुळे जखडो, शर्यतीत पडणे हे स्वारांच्या नित्याचेच असते. पडलेला माणूस मरावा की उठावा, हे वळणाच्या बाहेरच्या बाजूस काय आहे यावर अवलंबून असते, आणि तेथे मोकळ्या जमिनीऐवजी पोलाद होते. ज्या माणसाने दगडी भिंतींची शर्यत हिशेब करून टाळली, त्याच्या वाटेत दुसऱ्यांनी पोलादी भिंत उभी केली होती. तिचा हिशेब त्याच्या हाती नव्हता.

हे आमचे पश्चातबुद्धीचे बोलणे आहे असे कोणी म्हणेल. परंतु पुढला प्रसंग पाहावा. दोन महिनेही उलटले नव्हते, तोच ८ जुलै १९७३ रोजी त्याच मोंझावर, त्याच वळणावर, तरुण इटालियन स्वारांच्या एका शर्यतीत आणखी तिघांचा बळी गेला. जगज्जेत्याच्या मृत्यूनंतरही कठडा जागचा हलला नव्हता. त्या तिघांची नावे आज फारशी कोणी घेत नाही.

यार्नोच्या मृत्यूनंतर यामाहाने त्या वर्षाच्या उरलेल्या साऱ्या शर्यतींतून आपला अधिकृत संघ मागे घेतला. तयार गाडी, तयार पैसा आणि दोन अजिंक्यपदांची आशा असूनही कारखाना थांबला, ही गोष्ट व्यापारी जगात थोडी नव्हे. २५० वर्गाचे अजिंक्यपद त्या वर्षी ब्राउनला मिळाले. यार्नोचा मित्र लान्सिवुओरी मात्र खेळत राहिला. १९७३ साली २५० व ३५० या दोन्ही वर्गांत तो उपविजेता ठरला. पुढील वर्षी खुद्द अगोस्तिनी एम. व्ही. अगुस्ता सोडून यामाहाकडे आला आणि १९७५ साली त्याने ५०० वर्गाचे पद यामाहावर जिंकले. टू-स्ट्रोक गाडीने ५००चे अजिंक्यपद मिळविण्याची ती पहिली वेळ. जे काम यार्नोने पॉल रिकार येथे हाती घेतले होते, ते त्याच्याच जुन्या प्रतिस्पर्ध्याने तडीस नेले.

स्वारांनीही आता गप्प बसण्याचे सोडले. १९७४ साली न्युर्बुर्गरिंग येथे व्यवस्था असुरक्षित आहे म्हणून प्रमुख स्वारांनी शर्यतीवर बहिष्कार घातला. मॅन बेटाची शर्यत १९७६ नंतर जागतिक स्पर्धेतून वगळण्यात आली. कठडे मागे सरले, वळणांबाहेर वाळू आणि मोकळी जागा आली. मात्र हे सारे एका दिवसात झाले नाही. त्याला कित्येक वर्षे लागली आणि मध्यंतरी आणखी पुष्कळजण गेले.

यार्नोला तुर्कू येथे मूठमाती देण्यात आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पावो नूर्मीही निवर्तला, आणि एका वर्षात त्या गावाने आपले दोन वेगवान पुत्र गमावले. एक श्याहत्तर वर्षांचा, दुसरा सत्तावीस. यार्नोच्या नावावर जागतिक स्पर्धेतील पंधरा विजय आहेत: २५० मध्ये आठ, ३५० मध्ये पाच, ५०० मध्ये दोन. ते सर्व जुलै १९७१ ते मे १९७३ या दोन वर्षांहून कमी काळातले. रस्त्यावरील एकट्या स्वाराच्या शर्यतीत जगज्जेता झालेला दुसरा फिनिश माणूस त्यानंतर झालेला नाही. २००९ साली जागतिक संघटनेने त्याचे नाव आपल्या सन्माननीय स्वारांच्या नामावलीत घातले. मोंझा येथे जागतिक अजिंक्यपदाची मोटरसायकल शर्यत पुन्हा भरली ती १९८१ साली.